उरणचे रेल्वे स्थानक : एका आजोळकराचा अभिप्राय

माझे आजोळ उरणजवळच्या मोऱ्याचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरत असू, आणि घरातून निघण्यापूर्वी आई घड्याळाआधी पंचांग पाहत असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित तिला तिच्या वडिलांनी शिकवले होते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. या गणिताची दुसरी बाजू मला पुढे मामाकडून कळली, कारण तो मुंबईला रोज नोकरीसाठी जात असे. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आगेमागे. शिवाय उधाणाच्या दिवसांतील ओहोटी सर्वांत खोल. मोरा बंदरात गाळ साचलेला असल्यामुळे त्या वेळी लाँचला धक्क्याला लागण्याइतके पाणी उरत नाही. समुद्र महिन्यातून दोनदा नेमका नोकरदाराच्या वेळेलाच मागे सरत असे, आणि मामाचा मस्टरवरचा लाल शेरा चंद्राच्या कलेनुसार पडत असे.

उरणच्या स्थानकाकडे मी पाहतो ते या आठवणीच्या चष्म्यातून, हे आधीच सांगून टाकतो. ज्याने मुंबईची इतर लोकल स्थानकेच पाहिली आहेत, त्याला हे स्थानक साधे, काहीसे ओकेबोके वाटेल. मला ते तसे वाटत नाही. तरीही पसंती आणि परीक्षण यांत फरक असतो, आणि गेल्या काही महिन्यांत हिवाळ्यातील दोन कामाच्या दिवशी, एका पावसाळी रविवारी आणि मे महिन्यातील एका शनिवारी मुद्दाम ठाण्याहून जाऊन आल्यानंतर जे आढळले ते येथे मांडत आहे.

नेरूळ आणि बेलापूर येथून उरणकडे जाणारी ही शाखा सुमारे २७ किलोमीटर लांबीची आहे. तिचा खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि खारकोपर ते उरण हा पुढचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी. खर्चाची वाटणी सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) ६७ टक्के आणि रेल्वे ३३ टक्के अशी होती. त्याच १२ जानेवारीला शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला, आणि वृत्तपत्रांची पाने साहजिकच सेतूने व्यापली. मात्र त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. उरणच्या ज्या माणसाकडे मोटार नाही, त्याच्या आयुष्यात त्या दिवशी जो बदल झाला तो या लोकलमुळे झाला. त्याआधी त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: समुद्राच्या मर्जीवर चालणारी लाँच, किंवा करळ फाटा आणि दास्तान फाटा येथील कंटेनरच्या रांगांतून वाट काढणारी बस. बंदरासाठी पनवेल-जासईमार्गे मालगाडीचे रूळ पूर्वीपासून होते. उरणकरांच्या दारावरून डबे जात. त्यांत माल असे, माणसे नसत.

प्रवास कसा करावा, हे नवख्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पहिल्या फेरीत मीच चुकलो. मुंबईहून उरणला थेट गाडी नाही. हार्बर मार्गाने नेरूळ किंवा बेलापूरला येऊन गाडी बदलावी लागते, आणि उरणच्या गाड्यांपैकी काही नेरूळहून तर काही बेलापूरहून सुटतात. नेरूळहून सुटणारी गाडी सीवूड्स-दारावे येथे थांबते, बेलापूरची गाडी तिकडे जात नाही. ठाण्याहून येणाऱ्याला ट्रान्स-हार्बरने नेरूळ सोयीचे, पनवेलहून येणाऱ्याला बेलापूर. मी नेरूळला उतरलो तेव्हा पुढची गाडी बेलापूरहून होती, हे मला फलाटावर दहा मिनिटे उभे राहिल्यानंतर लक्षात आले, आणि दोष सर्वस्वी माझा होता. परतीच्या वेळी उरणच्या फलाटावर टोपली घेऊन बसलेल्या एका मावशींना मी विचारले, "मावशी, पुढची गाडी कितीला?" त्यांनी माझ्याकडे वर न पाहताच विचारले, "कंची? नेरुलची का बेलापूरची?" या मार्गावर वेळ विचारण्याची योग्य पद्धत तीच आहे.

खिडकीतून दिसणारा मार्ग या सेवेचा सर्वांत देखणा भाग आहे. पनवेल खाडीवरचा पूल ओलांडला की उलव्याचे मनोरे येतात, ते संपले की खारफुटी, पाणथळ जागा आणि मधूनमधून कंटेनरचे रंगीत डोंगर. भरतीच्या वेळी गेलात तर रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी चकाकताना दिसते. ओहोटीला त्याच जागी करडा चिखल आणि त्यात एका पायावर उभे असलेले बगळे. हिवाळ्यात उरण तालुक्यातील पाणथळींवर रोहित पक्षी येतात, तेव्हा पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यातील दुर्बिणी डब्यातही दिसू लागतात. स्थानकांची नावे लक्ष देऊन वाचावीत. खारकोपर, शेमटीखार: यांतील 'खार' म्हणजे खाडीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली शेतजमीन. बांध फुटला की खारे पाणी भातात शिरायचे आणि पुढची काही वर्षे ते शेत नापीक व्हायचे. मिठागरांच्या या मुलखात आगर म्हणजे मिठाचे शेत, आणि आगरी समाजाचे नावही त्याच शब्दाशी जोडले जाते. गाडी ज्या जमिनीवरून धावते तिचा पूर्वेतिहास असा फलाटावरच्या पाटीवरच लिहिलेला आहे.

पण सर्वच पाट्यांवर तो लिहिलेला नाही, आणि येथे गावकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. मार्ग सुरू झाला तेव्हा स्थानकांना न्हावा शेवा, द्रोणागिरी अशी बंदराची आणि सिडकोच्या नियोजित वसाहतींची (नोडची) नावे दिली गेली, तर ज्यांच्या जमिनीवर ही स्थानके उभी राहिली त्या नवघर, बोकडवीरा, धुतूम या गावांच्या लोकांनी आपापल्या गावाचे नाव लागावे अशी मागणी केली. नवघर हे काही नकाशावरचे कुठलेही गाव नव्हे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन झाले, त्यात दास्तान फाटा आणि नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण आले. त्या जागेवर उतरणाऱ्या प्रवाशाला निदान गावाचे नाव तरी वाचायला मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता खुद्द उरण स्थानक. ते शहरात कोटनाक्याजवळ आहे आणि मार्गाचे शेवटचे टोक असल्यामुळे येथे येऊन रूळ संपतात. रूळ संपतात ते स्थानक पाहण्याचे मला लहानपणापासून एक वेडगळ आकर्षण आहे. गाडी निघून गेल्यावर त्या टोकाशी जी शांतता पसरते ती मधल्या कुठल्या स्थानकाला लाभत नाही. फलाट बारा डब्यांच्या लोकलसाठी लांबच लांब आहे, आणि दुपारच्या गाडीने उतरणारे चाळीस-पन्नास प्रवासी त्यावर पुरते हरवून जातात. मुंबईच्या लोकलला सरावलेल्या माणसाला उतरताना कोणाचा धक्का लागत नाही याचेच आश्चर्य वाटते. समुद्र मात्र फलाटावरून दिसत नाही, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे, कारण 'समुद्रकाठचे स्थानक' असे ऐकून आलेली मंडळी उतरल्याबरोबर चहूकडे पाहू लागतात. दुपारी वारा फिरला की खाऱ्या हवेची जाणीव होते, एवढीच काय ती समुद्राची ओळख. मला ही उणीव वाटत नाही. उरण हे पर्यटनस्थळ होण्याच्या कितीतरी आधीपासून नोकरदारांचे, आगरी-कोळ्यांचे आणि बंदरावर राबणाऱ्यांचे गाव आहे, आणि स्थानक बाजाराच्या जवळ असणे हे किनाऱ्याच्या जवळ असण्यापेक्षा त्यांच्या अधिक उपयोगाचे आहे.

खरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे, आणि या अभिप्रायातील माझे गुण तेथेच कापले जातात. उरणपर्यंत सेवा सुरू झाली तेव्हा दिवसाला ४० फेऱ्या होत्या. म्हणजे जाण्याच्या २० आणि येण्याच्या २०, त्यातही निम्म्या नेरूळच्या आणि निम्म्या बेलापूरच्या. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या साधारण सतरा तासांत २० गाड्या वाटल्या तर दोन गाड्यांमधील सरासरी अंतर पन्नास मिनिटांच्या आसपास येते, आणि तुम्हाला विशिष्ट टोकाचीच गाडी हवी असेल तर ते दुप्पट होते. हा हिशेब मी फलाटावर बसून केला तेव्हा मला हसू आले, कारण भरतीची वेळ रोज जितकी पुढे सरकते ती मिनिटेही पन्नासच्याच आसपास. फेऱ्या वाढवण्याची मागणी पहिल्या दिवसापासून आहे आणि पुढे त्यांत भर पडण्यास सुरुवातही झाली. परंतु 'लोकल' या शब्दाला मुंबईत जो अर्थ आहे, म्हणजे एक गेली तर दुसरी येईल हा निर्धास्तपणा, तो या मार्गावर अद्याप नाही. येथे गाडी चुकणे म्हणजे तासभर चुकणे. मामाच्या घरी दिनदर्शिका अजूनही स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असते. तिच्या शेजारी आता मामीने वेळापत्रकाचा कागद चिकटवला आहे आणि नेरूळच्या गाड्यांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत.

तरीही मामाला विचारले तर तो लोकललाच झुकते माप देतो, आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. लाँच कधी लागणार नाही हे पंचांगावरून कळत असे, पण वारा कधी उठेल हे कोणीच सांगू शकत नसे. लोकल तासाने का होईना, येते. शिवाय पावसाळ्यात लाँचचे भाडे वाढते. गेटवेवरून मांडव्याला जाणारी वाहतूक पावसाळ्यात बंद असते तेव्हाही भाऊचा धक्का ते मोरा ही सेवा चालू राहते, हे खरे असले तरी जुलैच्या लाटांत त्या लाँचच्या फळीवर भिजत बसणे ही काही सर्वांना झेपणारी गोष्ट नव्हे. माझ्या आजीने आयुष्यातील निम्म्या लग्नांना जाणे केवळ पावसाळ्याला घाबरून टाळले होते.

रविवारी जाणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. हार्बर मार्गावर रविवारी अनेकदा ब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात, आणि उरणची शाखा चालू असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद असू शकतो. रेल्वेच्या सूचनांत या शाखेचा उल्लेख बऱ्याचदा 'पोर्ट मार्ग' असा केलेला असतो. ब्लॉकची बातमी वाचताना तो शब्द शोधावा.

स्थानकातून बाहेर पडल्यावर पुढची व्यवस्था रिक्षावर अवलंबून आहे. पीरवाडीचा किनारा, मोरा बंदर आणि करंजा ही तिन्ही ठिकाणे तीन दिशांना आहेत आणि सामान घेऊन कोठेही पायी जाणे सोयीचे नाही. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. पावसाळी रविवारी एका रिक्षावाल्याने मला पाहुणा समजून जे भाडे सांगितले ते मामाचे नाव काढताच निम्म्यावर आले. ज्यांना उरणात मामा नाही त्यांच्या सोयीसाठी स्थानकाबाहेर ठळक दरपत्रक असणे बरे. गाडीच्या वेळेला जोडून किनारा आणि दोन्ही बंदरे यांना जाणारी एखादी लहान बस असती, तर या स्थानकाची उपयुक्तता आहे त्याहून कितीतरी वाढली असती.

पीरवाडीला सूर्यास्त पाहण्यासाठी जावे, पोहण्यासाठी जाऊ नये. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, किनाऱ्याची धूप थोपवण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याचे दगड आहेत, आणि लाटांचा अंदाज नसलेल्या माणसाने भरतीच्या वेळी त्या दगडांवर उतरू नये. मोऱ्याला मात्र तासभर हाताशी ठेवून जावे. धक्क्यावर उभे राहिले की समोर घारापुरीचे बेट आणि पलीकडे मुंबईच्या इमारतींची निळसर रेघ दिसते. घारापुरीची लेणी १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. जगभरचे पर्यटक तेथे गेटवेवरून जातात, पण बेट उरण तालुक्यात मोडते, आणि तेथील गावांत समुद्राखालून टाकलेल्या केबलने नियमित वीज पोहोचली ती २०१८ साली. मोऱ्याहूनही तेथे होडीने जाता येते. जाताना लोकल आणि येताना लाँच असा फेरा केला, तर एकाच दिवसात उरणच्या दोन्ही वाटा अनुभवता येतात, आणि पाहुण्यांना मी हाच मार्ग सुचवतो. त्या दिवशीची तिथी तेवढी पाहून घ्यावी.

जेवणाबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. बाजारातील एका खानावळीत ताजे म्हणून जे बोंबील पानात आले ते बर्फात बरेच दिवस काढून आलेले होते, आणि मासळीच्या गावात असे ताट वाढले जावे याचा मला खेद झाला. दुसऱ्या फेरीत तेथून चार पावलांवरच्या, पाटीही नसलेल्या एका घरगुती जागी तांदळाची भाकरी, कोलंबीचे कालवण आणि चिंचेच्या आंबटाचा मांदेलीचा रस्सा मिळाला, तोही मुंबईतील थाळीच्या निम्म्या किमतीत. उरणात जेवायचे असेल तर सजावट पाहू नये, आत जेवणारी माणसे पाहावीत.

ज्यासाठी मी मे महिन्यातील फेरी मुद्दाम केली ती गोष्ट सुक्या मासळीची. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून मे संपण्यापूर्वी येथे घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीची, खरेदी होते: सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, वर्षभराचा मसाला आणि लाकूडफाटा. पूर्वी आम्हा मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांपर्यंत ही आगोट कोणीतरी लाँचने येणारा माणूस पोहोचवत असे आणि ती वाटेत भिजली की महिनाभर घरात त्याच्याबद्दल बोलले जाई. आता उरणच्या बाजारात सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने ती स्वतः आणता येते. सोडे हाताने दाबून पाहावेत, ते कडक लागले पाहिजेत. जवळा मुठीत घेतल्यावर वाळू हाताला चिकटू नये. आणि बोंबील वासावरून निवडावेत, रंगावरून नव्हे, कारण फार पांढरे बोंबील मला नेहमीच संशयास्पद वाटतात. विक्रेत्या बायका भाव उतरवतात, पण सोड्यांचा नाही.

ही मासळी घेऊन परतताना मालडब्यात चढावे, अशी माझी शिफारस आहे. टोपल्या घेऊन नेरूळ-वाशीच्या बाजारांकडे निघालेल्या मावश्यांनी तो डबा आपलासा केला आहे. भरतीचा माल कोणत्या बोटीने आणला, करंज्याला आज सुरमई किती आली, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, हे सर्व बोकडवीरा ते खारकोपर एवढ्या अंतरात कानावर पडते. खारकोपरनंतर उलव्याची, कार्यालयातून येणारी मंडळी चढू लागतात आणि त्यांपैकी काही दारात उभी राहून नाक मुरडतात. त्या शनिवारी एका तरुणाने रुमाल काढून नाकाला लावला. शेजारच्या मावशींनी आपली टोपली पायाने शांतपणे आणखी थोडी त्याच्या बाजूला सरकवली आणि बोलणे पुढे चालू ठेवले.

पाचपैकी किती, असे विचारले तर मार्गाला साडेचार, स्थानकाला साडेतीन, वेळापत्रकाला दोन. माझी पिशवी वर्तमानपत्राच्या तीन पदरांत बांधलेली होती, तरी नेरूळला ठाण्याची गाडी पकडल्यावर माझ्या बाकावर शेवटपर्यंत दोघांची जागा रिकामीच राहिली. पुढच्या वेळी जाताना झाकणाचा डबा न्यायचा, असे मी ठरवले आहे.